ताबा, पालकत्व आणि भेटीचा शनिवार

पती-पत्नी वेगळे झाले की मुलाबाबत तीन प्रश्न उभे राहतात. त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा आणि त्याची मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार कोणाचा, ते रोज कोणाच्या घरी झोपणार, आणि ज्याच्या घरी झोपत नाही त्याला ते कधी व किती वेळ भेटणार. कायद्याच्या भाषेत पहिल्याला पालकत्व म्हणतात आणि दुसऱ्याला ताबा. तिसऱ्याला वकिलांच्या आणि पक्षकारांच्या तोंडी सर्रास ‘ॲक्सेस’ म्हणतात. पश्चिम भारतात हे प्रश्न साधारण याच क्रमाने न्यायालयापुढे आले. पालकत्वावर १८९० मध्ये सर्व धर्मांना लागू असलेला कायदा झाला. ताबा देताना कोणाचे हित पाहायचे, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ठरत गेले. भेटीची व्यवस्था मात्र कायदेमंडळाने फारशी मनावर घेतली नाही. ती न्यायालयांच्या अंतरिम आदेशांतून, एकाचे पाहून दुसऱ्याने असे करत रूढ झाली.

धर्मशास्त्रात मुलाच्या ताब्याचा वाद जवळजवळ नाहीच. जिथे विवाह मोडत नाही असे गृहीत होते तिथे तो उद्भवायला जागा नव्हती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अज्ञान मुलाला वारसाने मिळालेले धन राजाने राखावे असे सांगितले आहे, मुलगा गुरुगृहाहून परतेपर्यंत किंवा त्याचे बाल्य सरेपर्यंत. म्हणजे काळजी आहे ती धनाची. मूल कोणाजवळ वाढावे याविषयी शास्त्रकारांना स्वतंत्र नियम करावासा वाटला नाही, कारण मूल घराण्याचे हे उत्तर एकत्र कुटुंबाने आधीच देऊन ठेवले होते.

लोकव्यवहार शास्त्राइतका बंदिस्त नव्हता. महाराष्ट्रातल्या कित्येक जातींत काडीमोड होत असे, सोडचिठ्ठी लिहून दिली जाई, आणि सोडलेली किंवा विधवा बाई पाट लावू शके, म्हणजे पुन्हा लग्न करू शके. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींचे असे रिवाज विचारून विचारून नोंदवले. तो संग्रह १८२७ साली छापून निघाला आणि इंग्रजी न्यायालये पुढे बराच काळ त्याचा आधार घेत राहिली. काडीमोडीचा तंटा जातपंचायतीपुढे आला की भर असे तो लग्नखर्च, देज आणि दागिने यांच्या हिशेबावर. मुलांचा निकाल सहसा लवकर लागे. अंगावर पिणारे मूल आईबरोबर जाई आणि जाणते झाले की बापाच्या घरी परत येई. त्यामागे तत्त्वापेक्षा सोय अधिक होती. तान्ह्या मुलाला दूध आईच पाजू शकते आणि शेतावर राबायला किंवा वारसा चालवायला मुलगा बापाला हवा असतो.

विधवेच्या पाटाबाबत १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्याने सरकारही मध्ये पडले. सुधारणेचा कायदा म्हणून तो गाजला, पण त्याच्या तिसऱ्या कलमात एक पाचर मारलेली होती. विधवेने पुनर्विवाह केला आणि नवऱ्याने मृत्युपत्रात पालक नेमलेला नसला, तर मृत नवऱ्याच्या आईवडिलांना, आजीआजोबांना किंवा कोणत्याही पुरुष नातेवाइकाला मुलांसाठी वेगळा पालक नेमून मागता येत असे. विधवेला नवे लग्न करण्याची मुभा मिळाली, पण मुले हातची जाण्याची शक्यता पत्करून. सगळीकडे तसे झाले नाही. मुंबईतल्या सुतार जातीच्या जयंतीबाई लहानग्या मुलीला घेऊन विधवा झाल्या, नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे केली आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. मुलगी आईबरोबर त्या घरात वाढली. १८८४ मध्ये दाखल झालेल्या वैवाहिक हक्काच्या दाव्यामुळे पुढे देशभर गाजलेल्या रखमाबाई त्या याच.

इंग्रजी न्यायालये आली ती स्वतःचा एक बाप घेऊन. इंग्लंडच्या सामान्य कायद्यात औरस मुलावर हक्क फक्त बापाचा होता, आणि तो इतका निरपवाद की १८०४ च्या डी मॅनव्हिल खटल्यात बापाने आईपासून उचलून नेलेले आठ महिन्यांचे, अंगावर पिणारे मूलसुद्धा लंडनच्या न्यायालयाने बापाकडेच राहू दिले. दख्खनच्या जातपंचायतीने निदान दूध सुटेपर्यंत थांबण्याचा विचार केला असता. हा कायदा बदलला तो कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेच्या चिकाटीमुळे. १८३६ साली नवऱ्याने तिची तीन मुले तिच्यापासून तोडली. तिने पत्रके लिहिली, खासदारांना गाठले, आणि १८३९ मध्ये ‘कस्टडी ऑफ इन्फंट्स’ कायदा मंजूर झाला. त्यानुसार सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आणि त्याहून मोठ्या मुलांची भेट आईला न्यायालयाकडे मागता येऊ लागली. वय आणि भेट या दोन्ही गोष्टी, म्हणजे आजच्या भारतीय आदेशांचे दोन खांब, इथे प्रथम एका कायद्यात शेजारी दिसतात. १८७३ मध्ये वयाची मर्यादा सोळापर्यंत गेली आणि १९२५ मध्ये मुलाचे कल्याण हाच पहिला विचार असे इंग्लंडच्या संसदेने लिहून टाकले.

भारतात आला तो मात्र याआधीचा इंग्रजी बाप. मुंबई इलाख्यात अज्ञान मुलांसाठी १८६४ चा वेगळा कायदा होता, इतरत्र इतर होते. ते सारे एकत्र करून १८९० चा पालक व पाल्य कायदा झाला. सर्व धर्मांना लागू असलेला हा कायदा आजही जिवंत आहे. त्याचे एकोणिसावे कलम सांगत होते की बाप हयात असेल आणि न्यायालयाच्या मते नालायक नसेल, तर दुसरा कोणी पालक नेमताच येणार नाही. आईला आपली योग्यता सिद्ध करून भागत नसे. तिला नवऱ्याची नालायकी सिद्ध करावी लागे, आणि तीही अशा काळात जेव्हा दुसरी बायको करणे हीदेखील नालायकी मानली जात नव्हती. पंचविसावे कलम त्याहून बोलके आहे. पाल्य पालकाच्या ताब्यातून निघून गेला किंवा काढून नेला गेला, तर त्याला परत आणण्यासाठी न्यायालय त्याला अटक करवून पालकाच्या हवाली करू शकते. हरवलेल्या जिनसेच्या पंचनाम्यात शोभावी अशी ही भाषा अजून पुस्तकात आहे, आणि मुलाच्या ताब्याचे कितीतरी अर्ज आजही याच कलमाखाली होतात. एक खिडकी तेवढी उघडी होती. सतराव्या कलमात मुलाचे कल्याण पाहावे आणि मूल समजूतदार वयाचे असेल तर त्याची पसंती विचारात घ्यावी असे म्हटले होते. पुढच्या शंभर वर्षांतली बहुतेक प्रगती या खिडकीतून आत आली.

बापाच्या हक्काचे जोर आणि मर्यादा दोन्ही एकाच व्यक्तीच्या आयुष्यात पाहायच्या, तर ॲनी बेझंट यांच्याकडे पाहावे. पाद्री असलेल्या फ्रँक बेझंट यांच्यापासून त्या १८७३ मध्ये वेगळ्या झाल्या, तेव्हाच्या करारानुसार मुलगा बापाकडे आणि मुलगी मेबल आईकडे राहिली. पाच वर्षांनी बापाने मेबलसाठी अर्ज केला. आई नास्तिक आहे आणि तिने संततिनियमनावरची पुस्तिका छापली आहे, अशा कारणांवरून न्यायमूर्ती सर जॉर्ज जेसल यांनी १८७८ मध्ये मुलीला आईकडून काढून घेतले. बेझंटबाई आपली बाजू स्वतः मांडायला उभ्या राहिल्या, हेही न्यायमूर्तींना रुचले नव्हते. पुढे भेटीची परवानगी मिळाली. भेटीगाठींनी मुलांचे मन जास्तच ढवळते असे पाहून बेझंटबाईंनी त्या थांबवल्या. मोठी झाल्यावर दोन्ही मुले आईकडे आली.

तीन दशकांनी त्याच बेझंटबाई मद्रासमध्ये विरुद्ध बाकावर दिसतात. अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत नोकरीला असलेल्या जी. नारायणय्या यांनी १९१० मध्ये लेखी पत्राने आपल्या कृष्णमूर्ती आणि नित्यानंद या दोन मुलांचे पालकत्व त्यांना दिले. बाईंनी मुलांना इंग्लंडला नेले. १९१२ मध्ये बापाचे मन फिरले आणि त्याने दावा लावला. मद्रास उच्च न्यायालयाने १९१३ मध्ये मुले बापाला परत द्या असा हुकूम केला. बेझंटबाई अपिलात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे गेल्या आणि १९१४ मध्ये जिंकल्या, पण कशावर हे पाहण्यासारखे आहे. बापाने पालकत्व दुसऱ्याला देणे म्हणजे विक्री नव्हे, ते केव्हाही परत घेता येते, असे प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले. बाईंचा विजय झाला तो या मुद्द्यावर की मुले इंग्लंडात आहेत, त्यांना पक्षकार केलेले नाही आणि त्यांचे हित व इच्छा तपासायची तर ती जिथे आहेत तिथल्या न्यायालयाने तपासावी. बापाचा हक्क शाबूत राहिला आणि मुले मात्र त्याला मिळाली नाहीत. पालकत्व हा मालकी हक्क नसून विश्वस्ताचे काम आहे, हे भारतातले वकील या निकालापासून सांगू लागले.

हिंदूंखेरीज इतरांचे नियम आपापल्या वाटेने चालले होते. मुस्लिम कायद्यात पालकत्व आणि ताबा यांची फारकत फार जुनी आहे. लहान मुलाच्या संगोपनाचा हक्क, ज्याला हिजानत म्हणतात, तो आईचा. हनफी पंथात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत, शिया पंथात मुलगा दोन आणि मुलगी सात वर्षांची होईपर्यंत. पालकत्व या सगळ्या काळात बापाचे. आईने मुलाशी नाते नसलेल्या परपुरुषाशी लग्न केले तर तिचा हा हक्क सहसा जातो. तरीही एकोणिसाव्या शतकात आईला हक्क म्हणून ठरावीक वर्षे देणारी व्यवस्था शोधली तर ती इंग्रजी कायद्याआधी इथेच सापडते. पारशांना १८६५ पासून आणि ख्रिस्त्यांना १८६९ पासून स्वतःचे घटस्फोट कायदे होते. त्यांत मुलांचा ताबा, पोटगी आणि शिक्षण यांबाबत न्यायालयाने योग्य तो हुकूम करावा एवढीच मोघम वाक्ये होती.

गोव्यात पोर्तुगीज मुलकी संहिता होती, १८६७ ची. तिने मुलांवरची सत्ता आईबाप दोघांची मानली, पण ती चालवायची मुख्यत्वे बापाने, आणि गरज पडेल तिथे नातेवाइकांच्या कुटुंबसभेने लक्ष घालायचे. पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर १९१० च्या फर्मानाने घटस्फोट सर्वांना खुला झाला. मूल देताना घटस्फोट ज्याच्या बाजूने झाला त्या जोडीदाराला प्राधान्य होते. म्हणजे मूल हे निर्दोषपणाचे बक्षीस. ब्रिटिश हद्दीतल्या न्यायालयांनी हे असे लिहिले नाही, पण बदफैली ठरलेल्या बाईच्या बाबतीत ती पुष्कळदा याच न्यायाने वागली.

मुंबई उच्च न्यायालयातला एक निकाल मात्र वेगळ्या सुराचा आहे. सरस्वतीबाई वेद खटला म्हणून तो ओळखला जातो आणि १९४१ च्या निकालपत्रांत छापलेला आहे. बापाचे हित नाही, आईचेही नाही, एकट्या मुलाचे हित सर्वोच्च असे न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटले आणि कोवळ्या वयाच्या मुलाला आईची जागा दुसरे कोणी घेऊ शकत नाही याला वजन दिले. कायद्याचे पुस्तक बदललेले नव्हते, एकोणिसावे कलम तसेच होते. न्यायाधीशांनी सतराव्या कलमाची खिडकी थोडी मोठी केली. पुढची साठ-सत्तर वर्षे भारतातल्या न्यायालयांनी हा निकाल पुन:पुन्हा उद्धृत केला.

हिंदूंना घटस्फोट मिळू लागला तेव्हा असे प्रश्न वाढणारच होते. बडोद्यात सयाजीरावांच्या काळी १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला, मुंबई प्रांताने १९४७ मध्ये केला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो देशभर आला. त्याचे सव्विसावे कलम मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण याबद्दल दावा चालू असताना व नंतरही वेळोवेळी हुकूम करण्याची आणि ते बदलण्याची मुभा देते, शक्य तिथे मुलाच्या इच्छेनुसार. भेटीचा शब्द त्यात नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने बाप हा नैसर्गिक पालक आणि ‘त्याच्यानंतर’ आई असे लिहिले. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा एवढी जोड दिली आणि तेराव्या कलमात मुलाचे कल्याण सर्वोच्च मानले. पालक वानप्रस्थी, यती किंवा संन्यासी झाला तर त्याचे पालकत्व संपते याचीही तरतूद या कायद्यात आहे. हिमालयात निघून जाणाऱ्या बापाचा विचार झाला, शेजारच्या पेठेत वेगळे बिऱ्हाड करणाऱ्या बापाला पोर कधी भेटणार याचा झाला नाही.

‘त्याच्यानंतर’ म्हणजे बाप मेल्यानंतर, हा अर्थ अडचणीचा ठरू लागला. महाराष्ट्रातल्या शेतजमिनीच्या वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या जिजाबाई गजरे खटल्यात आईबाप सुमारे वीस वर्षे विभक्त होते, मुलगी आईने वाढवली होती आणि तिच्या जमिनीचा व्यवहारही आईने पाहिला होता. बाप हयात असल्याने आईला तो अधिकारच नव्हता असा आक्षेप आला. १९७० मध्ये न्यायालयाने म्हटले की ज्या बापाने मुलीकडे ढुंकून पाहिले नाही तो असून नसल्यासारखा, तेव्हा आईच नैसर्गिक पालक. तीन वर्षांनी रोझी जेकब खटल्यात त्याच न्यायालयाने मुले ही आईबापांच्या मालकीची चीजवस्तू नव्हेत की खेळणी नव्हेत, असे बजावले. ताब्याचा कोणताही हुकूम कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलता येतो, हेही त्यात ठसवले. जमीनजुमल्याच्या निकालाची ख्याती तो कायमचा असण्यात असते. इथे निकाल पुन्हा उघडता येणे हाच गुण ठरला.

१९९९ चा गीता हरिहरन खटला अधिक गाजला, पण त्यातले कुटुंब विभक्त नव्हते. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये अज्ञान मुलाच्या नावे नऊ टक्के व्याजाचे रिलीफ बाँड घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, आई पालक म्हणून. पतीची संमती होती. बँकेने बापाची सही आणा असे कळवले. सर्वोच्च न्यायालयाने कलम रद्द केले नाही. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे ‘त्याच्या अनुपस्थितीत’, आणि अनुपस्थितीत दूर राहणे, दुर्लक्ष करणे, आपसांतल्या संमतीने आईवर सोपवणे हे सारे येते, असा अर्थ लावून ते वाचवले. निकाल आईच्या बाजूचा मानला जातो. बाप उपस्थित आणि लक्ष देणारा असेल तर आई दुसऱ्याच क्रमांकावर राहते ही त्यातली उणीव तशीच राहिली. १८९० च्या कायद्यातल्या एकोणिसाव्या कलमात बापाच्या जोडीला आई लिहिली गेली ती २०१० च्या दुरुस्तीने, म्हणजे १२० वर्षांनी.

भेटीच्या प्रश्नाला आकार आला तो कुटुंब न्यायालयांमुळे. चीनच्या दौऱ्यात अशी न्यायालये पाहून आलेल्या दुर्गाबाई देशमुख यांनी पन्नासच्या दशकात त्यांचा आग्रह धरला, १९७४ मध्ये विधी आयोगाने त्याला दुजोरा दिला, स्त्री संघटनांनी पाठपुरावा केला आणि १९८४ मध्ये कायदा झाला. महाराष्ट्रातले पहिले कुटुंब न्यायालय १९८९ मध्ये पुण्यात सुरू झाले, त्याच वर्षी मुंबईतले. या कायद्याने वकिलाला हक्क म्हणून उभे राहू दिले नाही. न्यायालय परवानगी देऊ शकते आणि बहुतेक वेळा देतेच. खरा बदल म्हणजे विवाह समुपदेशक हे पद. दाव्यातला मुलाचा भाग न्यायाधीशाआधी समुपदेशकाच्या टेबलावर जाऊ लागला. कोणाची कमाई किती हे विचारण्याआधी मूल कोणत्या शाळेत जाते, रात्री कोणाजवळ झोपते, पाळणाघरातून कोण आणते हे विचारले जाऊ लागले.

भेटीच्या आदेशांचा नमुनाही याच इमारतींत पक्का झाला. वाद तापलेला असेल तर पहिल्या भेटी न्यायालयाच्या आवारातच होतात. मुंबई-पुण्याच्या कुटुंब न्यायालयांत त्यासाठी मुलांची वेगळी जागा असते, खेळणी, चित्रे, बसायच्या छोट्या खुर्च्या आणि लक्ष ठेवायला कोणीतरी. महिन्यातले दोन शनिवार, दोन-तीन तास. मूल रुळले की भेट बागेत, मॉलमध्ये किंवा वडिलांच्या घरी, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. पुढची पायरी रात्रीच्या मुक्कामाची, ज्याला ‘ओव्हरनाइट’ म्हणतात, आणि तिच्यावर सर्वांत जास्त भांडणे होतात. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, वाढदिवशी दोन तास, आजीआजोबांना हजर राहण्याची मुभा, मूल आजारी असल्यास पुढच्या शनिवारी भरपाई, नेआण कोणी करायची आणि कोणत्या फाटकाशी, शाळेच्या पालकसभेला दोघांनी यावे की आळीपाळीने, पासपोर्ट न्यायालयात जमा. असा आदेश एखाद्या सहकारी सोसायटीच्या नियमावलीसारखा बारीक असतो आणि तसाच मोडलाही जातो. शनिवारी सकाळी मुलाला नेमका ताप येतो. न्यायालयाचा अवमान म्हणून अर्ज करायचा तर तारीख पडेपर्यंत चार शनिवार निघून जातात.

मुलाची मर्जी न्यायाधीश चेंबरमध्ये, आईबापांना बाहेर ठेवून विचारतात. १८९० चे सतरावे कलम इथे प्रत्यक्षात उतरते. आठ-नऊ वर्षांचे मूल काय बोलते यापेक्षा ते कोणाचे शब्द बोलते याकडे अनुभवी न्यायाधीशाचे लक्ष असते. पढवलेल्या मुलाची वाक्ये मोठ्या माणसाची असतात आणि त्यांत तारखा असतात. एका पालकाने मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी विष कालवण्याच्या या प्रकाराची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका निकालात घेतली. हा आरोप खऱ्या तक्रारी झाकायलाही वापरला जातो, कारण मारहाण पाहिलेल्या मुलाला बापाची भीती कोणी शिकवावी लागत नाही.

याच संदर्भात एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. १८९०, १९५५ आणि १९५६ च्या कायद्यांत नसलेली भेट २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मात्र आहे. त्याचे एकविसावे कलम तक्रारदार स्त्रीला मुलांचा तात्पुरता ताबा देण्याची आणि गरज असेल तर प्रतिवादीच्या भेटीची व्यवस्था ठरवण्याची सोय करते. भेट मुलाच्या हिताला बाधक वाटली तर ती नाकारावी असेही सांगते. शांतपणे वेगळ्या झालेल्या जोडप्यासाठी जे लिहिले गेले नाही ते मारहाणीच्या प्रकरणांसाठी लिहिले गेले.

वेळ अर्धी-अर्धी वाटण्याची कल्पना भारतात उशिरा आली. इंग्लंडने १९८९ च्या कायद्यात ताबा हा शब्दच काढून मुलाचे राहणे आणि संपर्क अशी भाषा आणली होती. भारतात २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका मुलाचे वर्ष सरळ दोन भागांत वाटले, जानेवारी ते जून वडिलांकडे आणि जुलै ते डिसेंबर आईकडे. मे २०१५ मध्ये विधी आयोगाने २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली आणि १८९० च्या कायद्यात ताबा, मुलाचा खर्च व भेट यांवर नवे प्रकरण घालण्याचा मसुदाच जोडला. आईबापांनी मिळून पालकत्वाचा आराखडा लिहून द्यावा ही त्यातली सर्वांत उपयोगी सूचना आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटांत मुंबई-पुण्याचे वकील असे आराखडे आताही संमतीपत्राला जोडतात. अर्ध्या-अर्ध्या वाटणीला मात्र दोन बिऱ्हाडे एकाच शाळेच्या टप्प्यात असावी लागतात. मुंबईत एक घर डोंबिवलीला आणि दुसरे वांद्र्याला असेल तर आठवड्याची अदलाबदल म्हणजे मुलाच्या नशिबी रोजची लोकल. आई पगारदार नसेल तर दुसरी अडचण येते. मुलाचे दिवस निम्मे झाले की पोटगीही निम्मी करा असा अर्ज पाठोपाठ येतो, म्हणून अनेक स्त्री वकील या कल्पनेकडे सावधपणे पाहतात.

अंतर सागरापलीकडचे झाले की शनिवार निरुपयोगी ठरतो. परदेशी स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांतून असे तंटे ऐंशीच्या दशकापासून येत आहेत. १९८६ मध्ये मिशिगनच्या न्यायालयाने आईकडे ताबा दिलेला असताना वडील मुलाला घेऊन पुण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने मुलाला आईबरोबर अमेरिकेला परत पाठवले. १९९७ च्या निकालात चित्र उलटे होते. १९८४ मध्ये तान्ह्या मुलाला घेऊन आई अमेरिकेतून मुंबईला आली होती, तिथल्या न्यायालयाचा हुकूम बापाच्या बाजूचा होता, आणि मूल बारा वर्षे इथे वाढल्यावर न्यायालयाने ते आईकडेच ठेवले. परदेशी हुकूम हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, मुलाचे हित त्याच्या वर, असा हा धडा आहे. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणावरचा १९८० चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये तो स्वीकारावा असे सुचवले आणि २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदा निघाला. छळातून सुटून माहेरी आलेल्या आईला हा कायदा अपहरणकर्ती ठरवील या आक्षेपावर तो अडला.

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या जोडप्याच्या अशाच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीखेरीज संपर्काचाही हक्क आहे, आणि अंतर मोठे असेल तर व्हिडिओ कॉलने तो द्यावा. दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि कुटुंब न्यायालयांतल्या मुलांच्या खोल्या बंद पडल्या. शनिवारच्या भेटी फोनच्या पडद्यावर गेल्या. नंतर खोल्या उघडल्या तरी कॉलचे कलम आदेशांत टिकले: रोज संध्याकाळी सात ते साडेसात, दुसऱ्या पालकाने खोलीत थांबू नये, फोन चार्ज करून ठेवावा. विधी आयोगाने २०१५ मध्ये सुचवलेले प्रकरण १८९० च्या कायद्यात अजून आलेले नाही. १९५६ च्या कायद्यात ‘त्याच्यानंतर’ हे शब्दही छापील मजकुरात होते तिथेच आहेत.